हात राखून

'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) सुरू झाल्यावर पहिली मारामारी यायला जवळजवळ पंधरा मिनिटं लागतात. तोवर माणसं फक्त बोलतात. तलवारबाज ली मू-बाय ध्यान अर्धवट सोडून डोंगरावरून का उतरला, त्याची तलवार कुणाकडे ठेवायची, गव्हर्नरच्या मुलीचं लग्न कुठे ठरलंय. मग एका रात्री तलवार चोरीला जाते, संगीतकार टान डुनचे ढोल वाजू लागतात (सूर अजिबात नाही, निव्वळ ताल) आणि तोंड झाकलेला चोर कौलांवरून पळत सुटतो.

पहिल्यांदा बघणाऱ्याचं लक्ष उडण्याकडे जातं, आणि ते साहजिकच आहे. दुसऱ्यांदा बघताना नजर पायांवर ठेवावी. चोराला वर निसटायचंय आणि पाठलाग करणाऱ्या शू-लिएनला (लीची जुनी मैत्रीण, तीही लढवय्यी) त्याला जमिनीवर टिकवायचंय. चोर उडायला लागला की ती त्याच्या पावलावर पाय देते, भिंतीवर चढू लागला की खाली खेचते. वार दोघींचेही चपळ आहेत (चोरही मुलगीच आहे), पण शू-लिएनला जीव घ्यायचा नाही. तिला तलवार परत हवी आहे आणि बुरख्याआडचं तोंड बघायचं आहे. कोण असेल याचा अंदाज तिला लवकरच येतो आणि तिथून पुढे ती आणखी जपून वागते.

हा चित्रपट आणि सोळा वर्षांनी आलेला त्याचा दुसरा भाग, 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' (२०१६), यांच्यातला फरक सांगायला मला याच लढतीपासून सुरुवात करावीशी वाटते. दुसरा भाग फसला याची कारणं देताना लोक इंग्रजी संवाद, संगणकावरची दृश्यं, छोटा पडदा असं बरंच काही सांगतात. ती कारणं खरी आहेत, पण वरवरची आहेत. पहिल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक लढतीत कुणीतरी हात राखून लढतं. दुसऱ्या भागात सगळे जीव तोडून लढतात, आणि म्हणूनच त्यात जीव नाही.

हे पटायला पहिल्या भागातली शस्त्रशाळेतली लढत सावकाश बघायला हवी. माझ्या मते तलवारीच्या सिनेमांत इतकी नीट रचलेली दुसरी लढत क्वचितच सापडेल. जेन म्हणजे तीच गव्हर्नरची मुलगी आणि तीच चोर. तिच्या हातात ती चोरलेली, चारशे वर्षं जुनी 'ग्रीन डेस्टिनी' आहे. समोर शू-लिएन, अनुभवानं कितीतरी पुढे. पण तिच्या हातात त्या तोडीचं शस्त्र नाही. त्यामुळे ती भिंतीवरची शस्त्रं एकामागून एक काढत जाते. वरवर हे प्रदर्शन वाटतं, पण प्रत्येक निवडीमागे हिशेब आहे. जोडतलवारी घेतल्या की वेग मिळतो, एका हातानं अडवून दुसऱ्यानं आत शिरता येतं, पण प्रत्येक वेळी पातं पात्याला भिडतं आणि ग्रीन डेस्टिनीशी भिडणं म्हणजे आपलंच पातं गमावणं. म्हणून भाला: अंतर ठेवता येतं, समोरच्याच्या धारेला आपल्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. पण भाल्याचा दांडा लाकडी. म्हणून मग आकड्याच्या जोडतलवारी, ज्यांचं टोक वळलेलं असतं. त्यांनी समोरच्याचं पातं अडकवून पिळता येतं, धारेला धार देण्याची गरज कमी होते. मध्येच ती एक अवजड शस्त्र उचलायला जाते, ते तिला पेलत नाही आणि ते घेऊन ती जवळजवळ कोलमडते. चित्रपटगृहात हमखास हशा पिकायचा तो इथे. हा विनोद उगाच घातलेला नाही: एवढ्या मुरलेल्या बाईच्या ताकदीलाही मर्यादा आहे हे त्या क्षणी कळतं, आणि पुढची लढत जास्त खरी वाटते.

शेवटी तिच्या हातात लांब मुठीची तलवार येते, तीही तुटते, आणि त्या तुटक्या पात्यानिशी ती जेनच्या मानेपर्यंत पोचते. तिथे ती थांबते. लढत तिनं जिंकलेली आहे, हे जेनलाही कळलंय. आणि त्या थांबण्याचा फायदा घेऊन जेन तिच्या दंडावर वार करते. शस्त्र कुणाचं चांगलं, कसब कुणाचं जास्त, आणि माणूस म्हणून कोण कुठे उभं आहे, या तिन्ही गोष्टी एकाही संवादाविना कळतात. जेन आपल्याला नावडते ती याच क्षणी, आणि तिची काळजी वाटायला लागते तीही याच क्षणी.

गंमत म्हणजे या लढतीतल्या दोघींपैकी एकीचाही पाया युद्धकलेचा नाही. शू-लिएन झालेली मिशेल योह लंडनमध्ये बॅले शिकलेली, जेन झालेली झांग झियी बीजिंगमध्ये नृत्य. ली मू-बाय झालेला चाउ युन-फॅट तर हाँगकाँगच्या पिस्तूलबाज सिनेमांचा राजा, तलवार ही काही त्याची ओळख नव्हती. शिवाय चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच योहच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करून ती परत आली. उलट दुसऱ्या भागात डॉनी येन आहे, ज्याची आई स्वतः वूशूची, म्हणजे चिनी युद्धकलेची, नावाजलेली शिक्षिका. म्हणजे 'खरे लढवय्ये घेतले की लढती खऱ्या होतात' हे गणित इथे उलटं पडलं. नर्तकाला थांबणं शिकवलेलं असतं. हालचाल कुठे संपते, संपल्यावर शरीर कसं उभं राहतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. आणि या चित्रपटाला वारांपेक्षा वारांमधल्या थांब्यांची गरज होती.

तारांबद्दल थोडं. माणसं उडतात ती पोलादी बारीक तारांवर. कपड्यांखाली कंबर आणि मांड्यांभोवती पट्ट्यांचा हार्नेस घट्ट आवळलेला असतो, तार बहुतेक वेळा दोन्ही कुल्ल्यांपाशी नाहीतर पाठीला जोडतात, ती वर क्रेनवरच्या कप्पीतून फिरून खाली येते आणि दुसरं टोक माणसांच्या हातात असतं. म्हणजे पडद्यावर एक जण उडतो तेव्हा पडद्याबाहेर तीन-चार जण दोर ओढत पळत असतात. चुका ठरलेल्या असतात. नटानं गुडघे वाकवून जमीन ढकलण्याआधीच दोर ओढला, तर तो उडी मारत नाही, उचलला जातो. पोतं वर चढवल्यासारखा. तार कंबरेला असल्यामुळे पाय ढिले पडले की लोंबकळतात, म्हणून पोट आणि मांड्या शेवटपर्यंत ताठ ठेवाव्या लागतात. आणि सगळ्यांत जास्त फसतं ते उतरणं. तारेनं वजन पेललेलं असल्यामुळे पाय टेकताना गुडघा आपोआप वाकत नाही, नटाला तो मुद्दाम वाकवावा लागतो. तो वाकला नाही की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं.

पहिल्या भागात तारा नंतर संगणकावर पुसल्या आहेत. दर सेकंदाला चोवीस चौकटी, प्रत्येकीतून तार खोडायची आणि तिच्यामागे जे असायला हवं ते भरायचं. मागे राखाडी भिंत असेल तर सोपं. मागे हलणारी बांबूची पानं असतील तर महाकठीण, कारण पुढच्या चौकटीत तेच पान दुसरीकडे असतं. तरीही दिग्दर्शक अँग लीनं ली मू-बाय आणि जेनची लढत पूर्व चीनमधल्या आन्जीच्या बांबूवनात, खऱ्या झाडांत, खऱ्या नटांना क्रेनवर टांगून घेतली. यात आणखी एक अडचण असते: तारेवर लटकलेल्या माणसाचं वजन बांबूवर पडतच नाही. बांबू वाकायला हवा, नेमका त्याच क्षणी, नेमका तेवढाच, आणि सुटल्यावर झोकांडी खात परत यायला हवा. ते जमलं म्हणूनच चाउ युन-फॅट त्या शेंड्यावर उभा राहतो तेव्हा फांदीला त्याचा भार जाणवतो असं वाटतं.

बांबूवनातल्या लढतीची कल्पना काही नवी नव्हती. दिग्दर्शक किंग हूच्या 'अ टच ऑफ झेन'मधली बांबूवनातली लढत याआधी तीसेक वर्षांची, आणि त्या चित्रपटाला १९७५ साली कान चित्रपट महोत्सवात तांत्रिक कामगिरीचा सन्मानही मिळाला होता. अँग लीनं त्या ऋणाची जाणीव ठेवलेली दिसते: किंग हूच्या १९६६ सालच्या 'कम ड्रिंक विथ मी'ची नायिका चेंग पेई-पेई हिलाच त्यानं खलनायिका जेड फॉक्सची भूमिका दिली. त्याच्या बांबूवनात वेगळी आहे ती लढतीची जात. ली मू-बायच्या हातून एकही वार जीवघेणा होत नाही. तो जेनला दमवतो, फांदी वाकवून तिला खाली आणतो, तिच्याकडे बघत राहतो. त्या बघण्यात गुरूची नजर किती आणि पुरुषाची किती, हे चित्रपट स्पष्ट सांगत नाही. पुढे खडकावर ती म्हणते, तीन डावांत तलवार घेऊन दाखव, मी तुझ्याबरोबर येते. तो पहिल्याच डावात घेतो, ती तरीही नाही म्हणते, आणि तो ती तलवार खाली पाण्यात फेकून देतो. इतका वेळ जिच्यासाठी सगळे धावताहेत ती वस्तू त्याला फेकता येते. तलवारीमागे पाण्यात उडी घेते ती जेन.

याच चित्रपटात हात न राखणारी एकच व्यक्ती आहे: जेड फॉक्स. पोलीस निरीक्षकाचा जीव घेताना ती क्षणभरही थबकत नाही. तिची कैफियतही खोटी नाही. लीच्या गुरूनं तिला शय्येवर घेतलं, पण विद्या द्यायला तो तयार नव्हता. तिनं त्याला विष घातलं आणि त्याचा युद्धकलेचा ग्रंथ पळवला. मात्र तिला त्यातला मजकूर नीट वाचता येत नव्हता, ती चित्रं बघून शिकत राहिली. तिच्याकडे लपून शिकणारी जेन वाचू शकत होती, तिनं अर्थ शिकून घेतला आणि वर्षानुवर्षं ते फॉक्सपासून लपवलं. 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' बघताना मला पुनःपुन्हा फॉक्स आठवते. चित्रं सगळी जमा केलेली आहेत: छपरावरचा पाठलाग, खाणावळीतली मारामारी, रात्री तलवार चोरायला आलेला तरुण. मजकूर मात्र वाचलेला नाही.

आणि हे कुणा परक्याच्या हातून झालेलं नाही. दुसऱ्या भागाचा दिग्दर्शक युएन वू-पिंग म्हणजे पहिल्या भागाच्या सगळ्या लढती बसवणारा माणूस, 'द मेट्रिक्स'च्या लढती ज्यानं उभ्या केल्या तो. हा योगायोग विचार करायला लावतो. पहिल्या वेळी त्याच्या डोक्यावर एक असा दिग्दर्शक होता ज्यानं त्याआधी एकही युद्धकलेचा चित्रपट केलेला नव्हता आणि जो प्रत्येक लढतीआधी विचारत असणार की यातून या दोघांमध्ये काय बदलतं. दुसऱ्या वेळी तो प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही, असं पडद्यावर दिसतं.

कथा अशी. अठरा वर्षं उलटली आहेत. पहिल्या भागात ज्यांच्याकडे तलवार ठेवली होती ते 'सर ते' नावाचे गृहस्थ वारले, शू-लिएन अंत्यविधीसाठी बीजिंगला येते, तलवार त्यांच्याच वाड्यात आहे. हेडीस दाय नावाच्या टोळीप्रमुखाला ती हवी, कारण ती असली की युद्धकलेच्या जगावर राज्य करता येतं. बस, इतकंच कारण. वेई-फांग नावाचा तरुण ती चोरायला येतो, स्नो व्हास नावाची मुलगी त्याला पकडते, त्याला पिंजऱ्यात ठेवतात, जन्मतःच अदलाबदल झालेल्या मुलांचं एक रहस्य उलगडतं. तलवार राखायला चार-पाच लढवय्ये खाणावळीतून गोळा होतात. प्रत्येकाला एक शस्त्र, एक टोपणनाव आणि फार तर एक विनोदी वाक्य. मग ते एकेक करून मारले जातात आणि आपण त्यांच्यासाठी जराही थांबत नाही.

इथे हात राखण्याचं कुणाला कारणच नाही. दायच्या माणसांना तलवार हवी, या बाजूच्यांना ती द्यायची नाही. दोन्हीकडचे जमेल तितक्या जोरानं मारतात. युएनची हातोटी कुठेही गेलेली नाही. वार वेगळे आहेत, वेग आहे, कल्पकता आहे. पण लढत संपल्यावर कोण उरलं एवढीच माहिती मिळते. शस्त्रशाळेतल्या लढतीनंतर आपल्याला दोन बायकांबद्दल जे कळलं होतं, तसं काहीही नाही. छायालेखन न्यूटन थॉमस सिगलचं, चित्रीकरण बरंचसं न्यूझीलंडमध्ये. पहिल्या भागाचा छायालेखक पीटर पाउ, त्याच्या चौकटींत जुन्या वाड्यांच्या भिंती आणि गोबीच्या वाळवंटाची धूळ होती. इथे दऱ्या, बर्फ आणि बुरूज आहेत, बरेचसे इतके चकचकीत की त्यांना थंडी वाजत नाही.

तरी गोठलेल्या तळ्यावरच्या लढतीला मी गुण देईन. बर्फावर पाय धरत नाही, म्हणजे तलवारबाजीचा पायाच निघून जातो: मागचा पाय रोवल्याशिवाय वारात वजन येत नाही, आणि घसरता घसरता मारायचं तर सगळी चाल नव्यानं बांधावी लागते. ही खरीखुरी अडचण शोधून काढली हे कौतुकाचं. फक्त, तार आणि संगणक हाताशी असल्यामुळे माणसं हवी तेव्हा घसरतात आणि हवी तेव्हा रोवून उभी राहतात. अडचण घेतली आणि लगेच सोडूनही दिली.

पण या चित्रपटाचा सगळ्यांत मोठा घोटाळा लढतीत नाहीच. तो डॉनी येनच्या पात्रात आहे.

पहिल्या भागात ली आणि शू-लिएन एकमेकांवर प्रेम करतात आणि बोलत नाहीत. कारण शू-लिएनचा वाग्दत्त नवरा मंग सी-झाओ हा लीचा शपथेचा भाऊ होता आणि तो लीच्या शत्रूच्या तलवारीनं मेला. त्याच्या स्मृतीचा मान राखायचा म्हणून दोघंही गप्प. चहाच्या त्या बैठकीत ली तिचा हात स्वतःच्या गालाशी नेतो, त्यापलीकडे काही होत नाही. शेवटी फॉक्सची विषारी सुई लागते, औषध आणायला जेन गेलेली असते, आणि शू-लिएन त्याला सांगते की उरलेला श्वास ध्यानात घाल. तो ऐकत नाही, तो श्वास प्रेम कबूल करण्यात घालवतो. अख्खा चित्रपट या एका मेलेल्या माणसावर उभा आहे, जो आपल्याला कधी दिसतही नाही.

दुसऱ्या भागात तो दिसतो. सायलेंट वुल्फ म्हणून आलेला येन म्हणजेच मंग. तो मेलाच नव्हता. शू-लिएनला लीबरोबर सुखानं राहता यावं म्हणून मेल्याचं सोंग करून बाजूला झाला होता. ज्याच्या नावानं दोघांनी जन्मभर सुतक पाळलं, तो माणूस कुठेतरी दारू पीत बसला होता! याचा धक्का पटकथेला बसलेला दिसत नाही. शू-लिएन आधी रागावते, मग सावरते, आणि मंग लवकरच तिच्या शेजारी उभा राहून लढू लागतो. ज्या बाईचं अख्खं तारुण्य एका गैरसमजात गेलं तिला त्यावर एक अख्खं दृश्यही धड मिळत नाही. मिशेल योहच्या चेहऱ्यावर मात्र ते सगळं येऊन जातं, कारण ती योह आहे. पटकथेत नसलेलं ती आणते आणि चित्रपट पुढे निघून जातो.

भाषेचा मुद्दा उरतो. दुसरा भाग इंग्रजीत चित्रित झाला आणि चीनमध्ये मँडरिनमध्ये डब करून १८ फेब्रुवारी २०१६ ला लागला; नेटफ्लिक्सवर आठ दिवसांनी आला. त्याच वेळी आयमॅक्समध्येही दाखवायचं जाहीर झालं तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या थिएटर-साखळ्यांनी पडदे द्यायला नकार दिला होता. इंग्रजीमुळे संवादांतली आडवळणं गेली हे खरं, पण पहिला भाग भाषेच्या बाबतीत सोवळा होता असंही समजू नये. चाउ युन-फॅट हाँगकाँगचा, त्याची मातृभाषा कँटनीज. योह मलेशियाची, मँडरिन संवाद तिनं उच्चारांवरून पाठ केले. जेनचा प्रियकर झालेला चांग चेन तैवानचा. झांग झियी बीजिंगची. आपल्याकडे एकाच पेशवाईकालीन वाड्यात चार भाऊ नागपुरी, मालवणी, बेळगावी आणि पुणेरी बोलावेत असा प्रकार. चीनमधल्या प्रेक्षकांना ते खटकलं आणि तिथे चित्रपटाचं स्वागतही बेताचंच झालं. बाहेरच्या जगानं मात्र तो डोक्यावर घेतला: १ कोटी ७० लाख डॉलरचा खर्च, जगभरात २१ कोटींवर कमाई, ऑस्करची दहा नामांकनं आणि त्यांतली चार पारितोषिकं.

दोन्ही बघायचे असतील तर पहिला मूळ मँडरिनमध्येच बघावा, इंग्रजी डबिंग टाळावं. ढोलांची लढत एकदा आवाज पूर्ण बंद करून बघावी. संकलन किती कमी कापतं आणि नटांचं पूर्ण शरीर, पावलांसकट, चौकटीत किती वेळ राहतं ते तेव्हा ध्यानात येतं. मग दुसऱ्या भागातली खाणावळीची मारामारी तशीच आवाज बंद करून बघावी आणि पावलं किती वेळा दिसतात ते मोजावं.

आणि एक राहिलंच. हे दोन्ही चित्रपट वांग तू-लू या लेखकाच्या १९३८ ते १९४४ या काळातल्या पाच कादंबऱ्यांच्या मालिकेतून आले, पहिला चौथ्या कादंबरीवरून आणि दुसरा पाचव्या. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी जेन कड्यावरून उडी घेते आणि ती जगली की मेली हे अँग ली सांगत नाही. कादंबऱ्यांत मात्र ती जगते, बर्फात अडकलेल्या एका सराईत तिला मुलगा होतो, आणि तो बदलला जातो. दुसऱ्या भागानं ती मुलांची अदलाबदल उचलली आणि जेनला गाळलं. फॉक्सची मुलगी नाही, पण फॉक्स साकारणाऱ्या चेंग पेई-पेईची मुलगी युजिनिया युआन इथे आंधळ्या जादूगारिणीच्या भूमिकेत आहे. तिलाही काही करायला दिलेलं नाही. चाळिशीकडे झुकलेली जेन, एके काळी जिनं शू-लिएनच्या दंडावर वार केला तीच, आपलं हरवलेलं मूल शोधत शू-लिएनच्या दारात येते: पाचव्या कादंबरीतून हा चित्रपट निघू शकत होता.